फ्लेवर्ड चहा चाखायचा तर जोडीनं

फ्लेवर्ड चहाच्या दुकानात पहिल्यांदा शिरलेल्या माणसाचं काय होणार ते ठरलेलं असतं. दुकानदार एकामागून एक डबे उघडून नाकापुढे धरतो. चॉकलेट, स्ट्रॉबेरी, केशर-पिस्ता, गुलाब. तिसऱ्या-चौथ्या डब्यापर्यंत नाक बधिर होतं आणि सगळ्यांत जोरात घमघमणारा डबा पिशवीत येतो. घरी पहिला कप हौसेनं होतो, दुसरा पाहुण्यांसाठी, आणि मग तो डबा फडताळात मागे मागे सरकत जातो. वास डब्यात होता, कपात उतरलाच नाही. किंवा उतरला, पण त्याच्याखाली चहा म्हणावं असं काही नव्हतं.

यावरचा उपाय सोपा आहे आणि पुढचं सगळं त्याच्याच आधारानं सांगणार आहे: वासाचा चहा कधी एकटा चाखू नका. शेजारी, शक्यतो त्याच जातीचा, काहीही न मिसळलेला साधा चहा करून ठेवा. एक घोट याचा, एक त्याचा. दोन कपांत जो फरक लागेल तेवढ्याचेच जास्तीचे पैसे तुम्ही मोजलेले असतात. तो फरक आपल्याला आवडला का, एवढंच मग ठरवायचं उरतं.

पहिली पायरी: आठवडाभर कोरा चहा

फ्लेवर्ड चहा आपल्याला नवा मुळीच नाही. आलं ठेचून, वेलदोडा कुटून, पावसाळ्यात गवती चहाची पात मोडून टाकलेला चहा फ्लेवर्डच असतो. मात्र त्याच्या तळाशी असते सीटीसी पावडर. आसामातल्या अमगुरी मळ्यात १९३० साली विल्यम मॅककर्चर यांनी ही पद्धत काढली. दातेरी रुळांमध्ये पान चिरडलं, फाडलं आणि वळलं जातं. त्याचे बारीक दाणे होतात. दाण्यांचा अर्क झटपट उतरतो, रंग गडद येतो आणि दूध-साखर घातली तरी चहाची चव दबत नाही. भारतात तयार होणारा बहुतेक चहा आज असाच बनतो, आणि ‘कडक’ हे आपल्याकडचं चहाचं सर्वांत मोठं कौतुक त्यातूनच आलं आहे.

चांगला फ्लेवर्ड चहा बहुधा अख्ख्या पानाचा असतो. व्यापारात त्याला ऑर्थोडॉक्स म्हणतात. त्याचा रंग फिकट, वास नाजूक. दूध घातलं की तो गेलाच. म्हणून आधी आठवडाभर कोरा चहा प्या, बिनसाखरेचा. पहिले दोन दिवस पाणचट वाटेल. तिसऱ्या दिवसापासून एकेक गोष्ट कळायला लागते: हा कडू आहे, हा कडू नाही पण तुरट आहे, याला शेवटी गोडसर झाक आहे. तुरटपणा ही खरं तर चवीपेक्षा स्पर्शाची भावना. चहातली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतात आणि जिभेचा ओशटपणा कमी होऊन ती आखडते. जांभूळ खाल्ल्यावर होतं तेही याच जातीचं. थोडा तुरटपणा चहाला उभा ठेवतो. फ्लेवर्ड चहात तो अजिबात नसेल तर तळाचा चहा जुना किंवा हलका असण्याची शक्यता धरा.

या आठवड्यासाठी तीन पुड्या पुरतात: आसाम ऑर्थोडॉक्स, निलगिरी (दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला काळा चहा) आणि एक हिरवा चहा. प्रत्येकी पन्नास ग्रॅम. जमलं तर चौथा, दार्जिलिंगचा सेकंड फ्लश, म्हणजे मे-जूनची तोड. तो महाग आहे, पण त्यातून एक मोठी गोष्ट कळते. त्याला पिकलेल्या द्राक्षासारखा जो वास येतो, ज्याला चहावाले मस्कटेल म्हणतात, तो कुणी वरून घातलेला नसतो. तुडतुड्यांसारखे बारीक किडे कोवळ्या पानांतला रस शोषतात, झाड त्याला उत्तर म्हणून काही सुवासिक द्रव्यं तयार करतं, आणि पुढे पान वाळवताना-मुरवताना त्यातून तो गंध येतो. दार्जिलिंग चहाला २००४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, भारतात सर्वांत पहिलं. एकदा हा कप नीट प्यायलात की ‘ग्रेप फ्लेवर’च्या पाकिटाकडे बघण्याची तुमची नजर बदलेल.

दुसरी पायरी: सामान, आणि कप करण्याची एकच रीत

सामान फार लागत नाही. आतून पांढरे, एकाच मापाचे दोन कप. झाकायला दोन बशा. बारीक जाळीचं गाळणं. मोबाइलचं घड्याळ. आणि स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. काचेची किटली, बांबूचा ब्रश वगैरे दुकानदार दाखवेल, सध्या नको.

वजनकाटा मात्र खरंच हवा. सीटीसीचा एक सपाट चमचा दोन-अडीच ग्रॅम भरतो, पण मोठ्या पानांच्या, पाकळ्या मिसळलेल्या चहाचा तोच चमचा एक ग्रॅमही भरत नाही. चमच्यानं मोजलं की मोठ्या पानाचा चहा नेहमी पाणचट लागतो आणि दोष फ्लेवरला दिला जातो.

व्यावसायिक चाखणाऱ्यांसाठी आयएसओ ३१०३ नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानकच आहे: शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा, उकळतं पाणी, सहा मिनिटं. (चहा करण्याच्या अशाच सहा पानी ब्रिटिश मानकाला १९९९ साली साहित्याचा इग नोबेल, म्हणजे नोबेलची थट्टा करणारा विनोदी पुरस्कार, मिळाला होता. हसायचं ते हसून घ्या, पण तुलना करायची तर मोजमाप सारखं हवंच.) सहा मिनिटांचा कप मुद्दाम कठोर असतो, चहातले दोष वर यावेत म्हणून. घरी आनंदासाठी दीडशे मिलिलिटरला दोन ग्रॅम घ्या. काळ्या चहाला नुकतं उकळलेलं पाणी आणि तीन-चार मिनिटं. ऊलाँगला, म्हणजे हिरवा आणि काळा यांच्या मधल्या चहाला, नव्वद अंशांच्या आसपास, तीन मिनिटं. हिरव्या चहाला सत्तर ते ऐंशी अंश आणि दोनच मिनिटं. फुलं-मुळं-सालींच्या काढ्यांना उकळतं पाणी आणि पाच ते सात मिनिटं.

थर्मामीटर नसला तरी अडत नाही. उकळलेलं पाणी एका गार भांड्यातून दुसऱ्या गार भांड्यात ओतलं की दर वेळी साधारण दहा अंशांनी उतरतं. हिरव्या चहासाठी असं दोन-तीनदा ओता. फ्लेवर्ड ग्रीन टी कडू लागतो म्हणून सोडून देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो खळखळत्या पाण्यात केलेला असतो.

पाणी कोणतं, हेही बघा. बोअरवेलच्या जड पाण्यात चहावर तवंग येतो, रंग मातकट होतो आणि नाजूक वास दबतात. विदर्भ-मराठवाड्यात किंवा शहरात टँकरवर असाल तर चाखण्यापुरतं तरी फिल्टरचं पाणी घ्या.

तिसरी पायरी: वास आत कसा गेला?

पाकीट हातात घेतल्यावर विचारायचा प्रश्न ‘कोणता फ्लेवर?’ हा नाही. वास चहात शिरला कसा, हे विचारा. जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत आणि प्रत्येक वाटेची कपात वेगळी खूण उमटते.

सर्वांत जुनी आणि कष्टाची वाट म्हणजे फुलांमध्ये मुरवणं. जास्मिन टी म्हणून जो मिळतो त्यातलं फूल म्हणजे आपला मोगरा. वनस्पतिशास्त्रात दोन्हींचं नाव एकच, जास्मिनम सॅम्बॅक. चीनच्या फुजियान प्रांतातलं फुझौ हे या चहाचं माहेर. तिथल्या मोगरा-चहाच्या शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१४ मध्ये जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला. फुलांचं मोठं उत्पादन मात्र आता ग्वांग्शी प्रांताकडे सरकलं आहे. चहा वसंतात खुडून ठेवतात, मोगऱ्याचा भर उन्हाळ्यात. दुपारी मिटलेल्या कळ्या खुडायच्या. संध्याकाळनंतर त्या उमलू लागल्या की चहाच्या थरात मिसळायच्या. रात्रभर फुलं वास सोडतात, कोरडा चहा तो आणि त्याबरोबरची ओल ओढून घेतो. ढीग गरम होतो, म्हणून मध्येच पसरून परत रचावा लागतो. सकाळी फुलं चाळून काढायची, चहा पुन्हा वाळवायचा, आणि ताज्या कळ्या घेऊन सगळं पहिल्यापासून. चांगल्या प्रतीला असे सहा-सात फेरेसुद्धा होतात.

म्हणजे पाकिटात वाळलेली मोगऱ्याची फुलं खूप दिसली की माल भारी, हा समज सोडून द्या. त्या फुलांचा वास आधीच चहात गेलेला असतो, आणि स्वस्त मालात ती केवळ शोभेला असतात. (सिचुआनकडच्या एका प्रकारात पाकळ्या मुद्दाम ठेवतात, तो अपवाद.) खरी परीक्षा दुसऱ्या कपाची. तीच पानं पुन्हा गरम पाण्यात घाला. मुरवलेल्या चहात दुसऱ्यांदाही मोगरा येतो, थोडा मंद होऊन. वरून अर्क फवारलेला असेल तर पहिल्याच कपात सगळा दरवळ उधळून जातो आणि दुसऱ्यात नुसता चहा उरतो.

हा प्रयोग घरीही होतो, आणि मोगऱ्याचा हंगाम आपल्याकडे मार्च ते जून असा भरपूर असतो. दारातल्या झाडाच्याच कळ्या घ्या. बाजारातल्या गजऱ्यावर काय फवारलंय ते कळत नाही. वीस ग्रॅम साधा हिरवा चहा, आणि संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेल्या मूठभर कोरड्या कळ्या. स्टीलच्या डब्यात एक थर चहा, एक थर कळ्या असं रचा, झाकण सैल ठेवा. सकाळी कळ्या वेचून टाका. चहा हाताला मऊ लागेल, कारण त्यानं ओल धरलेली असते. तो अगदी मंद आचेवरच्या जाड तव्यावर किंवा कमी तापमानाच्या ओव्हनमध्ये पुन्हा कुरकुरीत करा. ही वाळवण चुकवली तर दोन दिवसांत बुरशी. लागोपाठ तीन रात्री हे केलंत की पाकिटातल्या चहाच्या शेजारी स्वतःचा कप ठेवून बघा. घरचा फिका असेल, पण मुरवलेला आणि फवारलेला यांतला फरक एकदा नाकात बसला की पुन्हा पाकीट वाचायची गरज पडत नाही.

दुसरी वाट तेलाची. अर्ल ग्रे हा तिचा राजा. बर्गमॉट हे लिंबाच्या कुळातलं फळ इटलीच्या कालाब्रिया किनाऱ्यावर पिकतं. त्याच्या सालीचं तेल काढून काळ्या चहावर चढवतात. नाव १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान असलेल्या चार्ल्स ग्रे यांच्यावरून जोडलं जातं. चिनी मांडरिननं, म्हणजे दरबारी अधिकाऱ्यानं, त्यांना ही कृती भेट दिली वगैरे कथा पाकिटांवर छापतात, त्यांना पुरावा नाही. पण हे तेल चहावर इतकं शोभतं याला कारण आहे. बर्गमॉटच्या वासात मोठा वाटा असलेलं लिनालूल हे द्रव्य काळ्या चहात मुळातच असतं. (आपल्या धण्यांतही तेच भरपूर असतं.) म्हणून चांगल्या अर्ल ग्रेमध्ये चहा कुठं संपला आणि तेल कुठं सुरू झालं ते चटकन सांगता येत नाही. वाईट अर्ल ग्रे ओळखणं सोपं: भांडी घासायच्या साबणाची आठवण झाली की समजा.

स्ट्रॉबेरी, पीच, चॉकलेट, व्हॅनिला हे सगळे याच वाटेनं येतात. त्यांत वाईट असं काही नाही, फक्त घटकांची यादी वाचायची सवय लावा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पुढच्या बाजूला आंब्याचा फोटो आणि मागे यादीत शेवटी नुसतं ‘आर्टिफिशियल फ्लेवर’ असेल, तर आंबा छापखान्यातच राहिला आहे. ‘मिल्क ऊलाँग’ची गंमत तर आणखी निराळी. तैवानमध्ये जिन श्वान नावाची चहाची जात आहे, तिला मुळातच सायीकडे झुकणारा वास असतो. त्या नावावर बाजारात बराचसा माल दुधाचा अर्क फवारून विकला जातो. अस्सल चहात साय पुसट लागते, घोट गिळल्यावर. डबा उघडताच पेढ्यांचं दुकान उभं राहिलं तर तो दुसरा.

तिसरी वाट धुराची. चीनच्या वुयी डोंगरातल्या तोंगमू गावचा लॅपसांग सूचाँग पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात. त्याचा वास चुलीशेजारी हिवाळाभर टांगलेल्या घोंगडीसारखा. पहिल्या घोटाला निम्मी माणसं कप खाली ठेवतात. तिथं लगेच निकाल देऊ नका. शेजारी शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी, किंवा खारं काहीतरी घेऊन पुन्हा प्या.

चौथी वाट सरळ मिसळण्याची: पानांत मसाला, साली, धान्य, पाला. काश्मिरी कहवा हा हिरवा चहा, केशर, वेलची, दालचिनी आणि बदामाचे काप. जपानी गेनमाइचा म्हणजे हिरवा चहा आणि भाजलेला तांदूळ. त्यात भाजणीसाठी तांदूळ भाजताना घरभर सुटतो तोच खमंगपणा असतो, त्यामुळे मराठी माणसाला हिरव्या चहाची गोडी लावायची असेल तर सुरुवात इथून करावी असं माझं ठाम मत आहे. मोरोक्कोतला पुदिना चहा तर आपल्या बाजारातल्या पुदिन्याच्या जुडीवर सहज होतो: गोळ्या वळलेला चिनी ‘गनपावडर’ हिरवा चहा, मूठभर पुदिना आणि बरीच साखर. तिथं साखर अपराध नाही, कृतीचा भाग आहे.

मिसळलेल्या चहात एक अडचण असते. जड तुकडे पाकिटाच्या तळाशी जातात. पाकीट उभं हलवून चमचा घातलात तर आज नुसता चहा, महिन्याअखेरीस नुसती दालचिनी. चाखण्याआधी सगळं ताटात ओतून हातानं सारखं करा आणि मगच वजन करा.

जास्वंद, कॅमोमाइल, रुईबॉस हा दक्षिण आफ्रिकेतल्या झुडपाचा पाला, निळी गोकर्ण यांत चहाचं पान नसतंच. कॅफीनही नसतं. त्यामुळे यांच्या जोडीला साधा चहा ठेवण्यात अर्थ नाही. हे एकमेकांशेजारी चाखा. गोकर्णीच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळून ते जांभळं होताना बघायला मुलांना बोलवा. चवीच्या बाजूनं मात्र तिच्यात फार काही नाही.

चौथी पायरी: भुरका मारा

वेळ निवडा नाश्ता आणि जेवण यांच्या मधली. स्वयंपाकघरात फोडणी नको, देवघरात उदबत्ती नको, अंगावर अत्तर-डिओ नको. एका बैठकीत दोन जोड्या, म्हणजे चार कप, फार तर. क्रम हलक्याकडून जडाकडे: आधी साधा हिरवा, मग फुलांचा, मग फळं-लिंबाचा, मग मसाल्याचा, आणि धुराचा सर्वांत शेवटी. लॅपसांग मध्येच घेतलात तर त्यानंतरच्या सगळ्या कपांना धूर लागतो.

कोरडं पान हुंगा. ऊन पाण्यानं गरम केलेल्या रिकाम्या कपात तेच पान टाकून, बशीनं झाकून, अर्ध्या मिनिटानं पुन्हा हुंगा. कोंडलेला वास मोकळा होतो. चहा गाळल्यावर गाळण्यातली ओली पानं हुंगा. खरा चहा बहुधा इथं बोलतो, कारण वरचा अर्क पाण्यात गेलेला असतो.

मग घोट. कप थोडा निवू द्या. पोळत्या चहात कुणालाच चव कळत नाही. चमचाभर चहा घ्या आणि जोरात भुरका मारून आत ओढा, आवाजासकट. बशीत ओतून भुरके मारणाऱ्या आपल्या आजोबांना जे लोक शिष्टाचार शिकवत होते त्यांनी लिलावासाठी चहा चाखणाऱ्यांची खोली बघायला हवी. तिथं कपांच्या रांगेपुढून फिरत भुरके मारणं हेच काम. भुरक्यानं चहाचा फवारा होतो आणि त्याची वाफ घशाच्या मागून नाकात चढते. जीभ फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाहारात किंवा मशरूममध्ये असते ती उमामी, एवढंच ओळखते. बर्गमॉट, मोगरा, वेलची हे सगळं नाकाचं काम.

पटत नसेल तर अर्ल ग्रेचा घोट नाक चिमटीत धरून घ्या. कडूसर गरम पाणी. आता चिमूट सोडा; लिंबाचा बहर एकदम वर येतो. फ्लेवर्ड चहात तुम्ही कशासाठी पैसे देता ते या एका घोटात कळतं.

गिळल्यावर थांबा. दहा-पंधरा सेकंदांनी तोंडात काय उरतं? मुरवलेला मोगरा रेंगाळतो. स्वस्त फळांचे अर्क बरेचदा चटकन विझतात किंवा मागे औषधी कडवटपणा ठेवतात. कप पूर्ण गार झाल्यावर आणखी एकदा चाखा. गारपणात दोष लपत नाहीत. दोन कपांमध्ये कोमट पाणी आणि चिमूटभर साधे, बिनमिठाचे चुरमुरे. याहून चांगलं तोंड साफ करणारं काही मला सापडलेलं नाही.

नोंदी ठेवा, पण पाकिटावरचे ‘फ्लोरल, वुडी, फ्रूटी’ हे शब्द उतरवू नका. आपल्या घरातल्या वासांत लिहा: ओलं गवत, भाजलेले दाणे, खसाचा पडदा, काकवी, जुनं पुस्तक, पहिल्या पावसाची माती, कच्ची कैरी. असं लिहिलेलं महिन्यानं वाचलं तरी तो कप आठवतो. प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक ओळ ठरलेली असू द्या: साध्या चहापेक्षा यात काय जास्त होतं?

पाचवी पायरी: दूध, साखर, थंडगार

मसाला चहाला दूध हवंच. वेलची-दालचिनीचे वास दुधातल्या स्निग्धांशात छान धरले जातात. अर्ल ग्रेत थोडं चालतं. हिरवा, मोगऱ्याचा, पांढरा यांत नको. लिंबू किंवा जास्वंद असलेल्या चहात घातलंत तर ते फाटेल. आल्याचंही लक्षात ठेवा: कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, म्हणून आलं आधी पाण्यात चांगलं उकळावं आणि मग दूध घालावं. वेलदोड्याचा वास उडून जाणारा, तो शेवटी.

उन्हाळ्यात फळांचे आणि फुलांचे चहा थंड पाण्यात मुरवून बघा. लिटरभर पाण्याला आठ ग्रॅम, रात्रभर फ्रीजमध्ये, सकाळी गाळायचं. थंड पाण्यात कडू-तुरट द्रव्यं आणि कॅफीन कमी उतरतं, वास मात्र पुरेसा येतो. गरम कपात कंटाळवाणा वाटलेला पीच टी नागपूरच्या मे महिन्यात वेगळाच भासतो.

सहावी पायरी: स्वतःचं मिश्रण

आता पाकिटाबाहेर पडायला हरकत नाही. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट घाला, आणि शेजारी साधा कप ठेवा.

सुरुवातीला संत्र्याची साल उत्तम. नागपुरी संत्रं कोमट पाण्यात चोळून धुवा, साल काढा, आतला पांढरा भाग सुरीनं खरवडून टाका. सगळा कडवटपणा त्यात असतो. बारीक पट्ट्या करून सावलीत कडक वाळवा. दोन ग्रॅम निलगिरीला अर्धा ग्रॅम साल, चार मिनिटं. यात लवंग घालायचा मोह होईल. एक घाला, दोन नाही. दुसरी लवंग चहा आणि संत्रं दोन्ही खाऊन टाकते.

गवती चहा आपण उकळून उकळून वापरतो, त्यामुळे त्याचा ताजेपणा वाफेबरोबर जातो. एकदा कोऱ्या चहात करून बघा: हिरव्या पातीची गाठ मारून ती चहापत्तीबरोबर कपात ठेवा, वर गरम पाणी, झाकण, चार मिनिटं. लिंबाचा जो गंध येतो तो सिट्रलचा. लिंबाच्या सालीतही तेच असतं, पण इथं आंबटपणा नसल्यामुळे नंतर दूधही चालतं.

गावठी गुलाबाच्या पाकळ्या, वाळवलेला पुदिना, भाजलेले तांदूळ हे पुढचे. केशर घालणार असाल तर आधी थोड्या गरम पाण्यात खलून. कोरडं टाकलेलं केशर तीन मिनिटांत काही देत नाही.

जपून कुठं राहायचं

ज्येष्ठमध असलेली मिश्रणं रोज पिऊ नका, विशेषतः रक्तदाब असेल तर. तो त्यानं वाढतो. जास्वंदीचा चहा उलट रक्तदाब उतरवू शकतो, त्यामुळे गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा. गरोदरपणातही वनौषधींच्या मिश्रणांबाबत हेच. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, तासाभराचं अंतर ठेवा. आणि पाकिटावर ‘डिटॉक्स’ लिहिलं असेल तर त्या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

साठवण आणि पुढची खरेदी

चहा वास ओढतो, म्हणूनच फ्लेवर्ड चहा होऊ शकतो. आणि म्हणूनच तो मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवायचा नसतो. प्रत्येक फ्लेवरला वेगळा, घट्ट झाकणाचा, प्रकाश न शिरणारा डबा. अर्ल ग्रे आणि मोगरा एकाच खणात सैल पाकिटांत ठेवलेत तर महिन्याभरात दोन्ही तिसरेच काहीतरी होतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात लागेल तेवढाच चहा छोट्या डब्यात काढा, बाकी बंद राहू द्या. फ्लेवर्ड हिरवा चहा सहा महिन्यांत संपवा, काळा वर्षभरात.

फ्लेवर्ड चहाची खरेदी पंचवीस ग्रॅमच्या वर नको, दुकानदार पन्नासवर सूट देत असला तरी. पहिल्या फेरीसाठी माझी निवड अशी: मोगऱ्याचा हिरवा चहा आणि त्याच्या जोडीला साधा हिरवा, अर्ल ग्रे आणि त्याच्या जोडीला निलगिरी किंवा आसाम. दुसऱ्या फेरीत गेनमाइचा आणि कहवा. लॅपसांग कुणाबरोबर तरी अर्धा वाटून घ्या.

यातला एखादा आवडणार नाहीच. तो टाकू नका. एक भाग तो आणि तीन भाग साधा काळा चहा असं मिसळून बघा. उग्र व्हॅनिला किंवा चॉकलेट एवढ्या प्रमाणात बऱ्याचदा सुसह्य होतं. तरीही नाही जमलं तर दाट अर्क काढून साखरेच्या पाकात घाला आणि उन्हाळ्यात सरबताला वापरा. त्यातही नाही खपला, तर ज्याला तो दुकानात हुंगूनच आवडला होता त्या घरातल्या माणसाच्या हवाली करा.